फार्मासिस्टला खिडकीमागून वॉर्डात आणा: आरोग्य प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता आणि सर्व जिल्हा शल्यचिकित्सक,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

७२ वर्षांची, ४२ किलो वजनाची एक बाई वॉर्डात दाखल होते. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा, १.२ येते. छापील मर्यादेच्या काठावरचा आकडा, म्हणून केस पेपरवर ‘आर.एफ.टी. नॉर्मल’ (मूत्रपिंडाची तपासणी ठीक) असा शेरा पडतो आणि पुढची सगळी औषधे धडधाकट मूत्रपिंडाच्या हिशेबाने सुरू होतात. आता गणित करून पाहू. १४० मधून वय वजा करायचे, उरलेल्याला वजनाने गुणायचे, ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचे, आणि रुग्ण स्त्री असल्यामुळे उत्तराला ०.८५ ने गुणायचे. उत्तर येते मिनिटाला २८ मिलिलिटर. मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या या वेगाला क्लिअरन्स म्हणतात. म्हणजे या बाईंची मूत्रपिंडे तरुण, निरोगी माणसाच्या तुलनेत जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा काम करताहेत.

रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून त्यांना एनॉक्सापॅरिन किलोला १ मिलिग्रॅमप्रमाणे दिवसातून दोनदा लिहिलेले असते. क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर ते दिवसातून एकदाच द्यायचे असते. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक १ ग्रॅम दर ८ तासांनी चालू असते. इथे ते १२ तासांवर न्यायला हवे. लेव्होफ्लॉक्सासिन, प्रिगॅबालिन, डिगॉक्सिन यांचेही तेच. डॉक्टरांनी औषध योग्य निवडले, सिस्टरांनी लिहिल्याप्रमाणे दिले, औषध भांडारातून बरोबर कुपी आली. तरी चौथ्या दिवशी पोटावर काळानिळा डाग पसरतो, हिमोग्लोबिन उतरते आणि कारण शोधण्याची धावपळ सुरू होते.

हे गणित एका मिनिटाचे आहे. पण ते रोज, प्रत्येक खाटेपाशी, क्रिएटिनिन बदलेल तसे पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि आज आपल्या सरकारी रुग्णालयांत ते करणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नाही. हे पत्र त्या एका रिकाम्या जागेबद्दल आहे. आम्ही फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) किंवा फार्मसी प्रॅक्टिसमधील एम.फार्म. झालेले, रुग्णालयांत काम करणारे आणि शिकवणारे लोक आहोत. ही जागा भरायची कशी, हे आम्ही तपशिलात लिहितो आहोत.

(गणितात एक खोचही असते, आणि नुसते सॉफ्टवेअर पुरत नाही ते याचसाठी. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागतात तेव्हा, पहिल्या एक-दोन दिवसांत वाढलेले क्रिएटिनिन सलाइन आणि उपचारांनी पुष्कळदा खाली येते. तेव्हा घाईने अँटिबायोटिकचा डोस कमी केला, तर ज्या काळात औषध पूर्ण हवे त्याच काळात ते अपुरे पडते. कुठे कमी करायचे आणि कुठे थांबायचे, हे रुग्णाकडे पाहूनच ठरते.)

फार्मासिस्टने खाटेपाशी जाऊन रुग्णाची औषधे तपासण्याची ही पद्धत, म्हणजे क्लिनिकल फार्मसी, नवी नाही. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात एका मजल्यावर फार्मासिस्टांना वॉर्डातच बसवून हे काम सुरू झाले. बोस्टनमधल्या एका अतिदक्षता विभागात वरिष्ठ फार्मासिस्ट रोज राउंडला हजर राहू लागल्यावर औषध लिहिण्यातल्या टाळता येण्याजोग्या चुकांमुळे होणारी इजा ६६ टक्क्यांनी घटली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फार्मासिस्टने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी स्वीकारल्या होत्या. आपल्याकडे ६ वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम २००८ च्या नियमांनी आला. त्याचे शेवटचे वर्ष पूर्णपणे रुग्णालयात जाते: ६ महिने जनरल मेडिसिन आणि उरलेल्या ६ महिन्यांत आणखी ३ विभाग, प्रत्येकी २ महिने. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत पुढे दुरुस्ती होऊन ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हे पदही कायद्याच्या भाषेत आले. शिक्षण आहे, पदनाम आहे. सरकारी वॉर्डात माणूस नाही.

दाखल होतानाचे २४ तास

सगळ्यात जास्त गळती इथे होते, म्हणून इथेच थोडे थांबून लिहितो.

रुग्ण रात्री अपघात विभागात येतो. ‘आधी काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला नातेवाईक ‘बी.पी.ची एक गोळी’ असे उत्तर देतात आणि तेवढेच केस पेपरवर येते. नीट घेतलेली औषधांची माहिती म्हणजे किमान दोन ठिकाणांहून पडताळलेली यादी. रुग्ण किंवा नातेवाईक हे एक ठिकाण. घरची गोळ्यांची पिशवी, जुने डिस्चार्ज कार्ड किंवा गावातल्या मेडिकलवाल्याला केलेला फोन हे दुसरे. प्रश्नही वेगळे विचारावे लागतात. डोळ्यांत थेंब घालता का? पंप ओढता का? आठवड्यातून एकदाच घ्यायची अशी एखादी गोळी आहे का? अंगदुखीसाठी दुकानातून काय घेता? वैद्याचे किंवा गावठी औषध चालू आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, लिहून दिलेले आहे पण परवडत नाही किंवा झेपत नाही म्हणून बंद केलेले काय आहे?

दुकानातली अंगदुखीची गोळी हा प्रश्न आम्ही कधीच सोडत नाही. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या पिशवीत डायक्लोफेनॅक असतेच असते. त्याच माणसाला रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि सुजेसाठी फ्युरोसेमाइड चालू असेल, तर या तिघांची बेरीज मूत्रपिंडावर पडते. एकटे औषध जे करत नाही ते तिघे मिळून करतात: मूत्रपिंडात शिरणारे रक्त एक कमी करते, गाळणीतला दाब दुसरे उतरवते आणि अंगातले पाणी तिसरे काढून टाकते. त्यात उन्हाळ्याचे जुलाब आले की क्रिएटिनिन चढते. अशा रुग्णाच्या तपासण्या वाढवण्याआधी ती एक गोळी बंद करावी लागते, आणि त्यासाठी ती आहे हे कळावे लागते.

ज्या औषधांचा उल्लेख राहिला तर नुकसान पटकन दिसते अशी काही ठरलेली आहेत. वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेणाऱ्याचे ते दाखल झाल्यावर अचानक थांबले, तर रक्तदाब कोसळू शकतो आणि तो सेप्सिस समजला जातो. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाची फिटची गोळी चुकते आणि टेबलावरून परतल्यावर फिट येते. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर एकदम तुटले की रक्तदाब किंवा नाडी उसळते. उलट बाजूने, संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट ट्रीटमेंट शीटवर ‘रोज १’ असे उतरते. चार-पाच दिवसांत तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी घसरतात. मेथोट्रेक्सेटपुढे वाराचे नाव लिहायचेच, एवढा एक नियम हे थांबवतो.

राउंडच्या आधीचा एक तास

क्लिनिकल फार्मासिस्टचा दिवस राउंडच्या एक तास आधी सुरू व्हायला हवा. प्रत्येक रुग्णासाठी एक ओळ: वय, वजन, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेले क्लिअरन्स, पोटॅशियम, प्लेटलेट, आय.एन.आर. (रक्त किती पातळ झाले आहे याचा आकडा), कल्चरचा (जंतू ओळखण्याच्या तपासणीचा) निकाल, अँटिबायोटिकचा कितवा दिवस. मग ट्रीटमेंट शीट समोर ठेवून प्रत्येक औषधाला चार प्रश्न. हे कशासाठी चालू आहे? डोस या रुग्णाला बरोबर आहे का? शेजारच्या औषधाशी जमते का? आज बंद करता किंवा तोंडावाटे देता येईल का?

शेवटचा प्रश्न पैशांचाही आहे. लेव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल ही औषधे तोंडावाटे जवळजवळ पूर्ण शोषली जातात. रुग्ण जेवतो आहे, उलटी नाही, ताप उतरतो आहे, तर शिरेतून देण्याला काही अर्थ उरत नाही. गोळीवर आणले की बाटली, सेट आणि सिस्टरांचा वेळ वाचतो आणि हातातली सुई निघते. सुई निघाली की शिरेच्या सुजेचा आणि सुईतून शिरणाऱ्या जंतूंचा धोकाही जातो.

औषधांच्या वेळाही तपासाव्या लागतात. ८ तासांनी द्यायचे अँटिबायोटिक पुष्कळ वॉर्डांत सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ ला दिले जाते, कारण औषधवाटपाच्या वेळा त्या आहेत. त्यातली दोन अंतरे ६ तासांची आणि रात्रीचे १२ तासांचे. मेरोपेनेम, पिपरासिलिनसारखी औषधे रक्तात ठरावीक पातळीच्या वर किती वेळ टिकतात यावर गुण देतात. रात्रीच्या या १२ तासांत जंतू पुन्हा वाढू लागतात. वेळा ६, २, १० अशा केल्या की प्रश्न सुटतो. खर्च शून्य. पण हे बदलायला वॉर्डाचे वेळापत्रक आणि औषधाचा स्वभाव दोन्ही माहीत असलेला माणूस लागतो.

महाराष्ट्रात क्षयाच्या रुग्णांची संख्या मोठी आहे, म्हणून रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाबद्दल वेगळे लिहायला हवे. हे औषध यकृताला इतर औषधे भराभर मोडायला लावते, आणि हा परिणाम पहिल्याच दिवशी दिसत नाही. तो साधारण एक-दोन आठवड्यांत पूर्ण चढतो. वॉर्फरिनवर (रक्त पातळ ठेवणारी गोळी) स्थिर असलेल्या रुग्णाचा आय.एन.आर. घसरतो, डोस वाढवत न्यावा लागतो. खरा धोका क्षयाचे उपचार संपल्यावर असतो. रिफाम्पिसिन थांबले, यकृत पूर्ववत झाले, वॉर्फरिनचा डोस मात्र वाढवलेलाच राहिला, की काही आठवड्यांनी रक्तस्राव. गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होतात. प्रेडनिसोलोनचा असर उतरतो. एच.आय.व्ही.साठी डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम रोज एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन एकत्र येतात. हृदयाच्या विद्युत लयीतले क्यू.टी. अंतर हे सगळेच लांबवतात. त्यात कोणी उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन लिहिले आणि पोटॅशियम ३ च्या खाली असले, तर ई.सी.जी. आजच हवा, पुढच्या आठवड्यात नाही.

कुपीपासून शिरेपर्यंत

लिहिण्यातल्या चुकांवर थोडेफार बोलले जाते, औषध तयार करण्यातल्या चुकांवर जवळजवळ नाही.

फिटवरचे फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) घातले तर स्फटिक बनतात, त्यामुळे ते फक्त नॉर्मल सलाइनमध्ये आणि मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जलद नाही. वयस्कर किंवा हृदयविकाराच्या रुग्णात त्याहून सावकाश. म्हणजे १००० मिलिग्रॅमला किमान २० मिनिटे, ई.सी.जी. लावून. बुरशीवरच्या अँफोटेरिसिनचे उलट. ते सलाइनमध्ये खराब होते, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत राज्यभर हे औषध वापरले गेले तेव्हा एक प्रश्न रोज पुन्हा पुन्हा तपासावा लागे: समोरची कुपी लिपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बांधलेले औषध) आहे की साधी? लिपोसोमलचा डोस किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहून जास्त, साध्या अँफोटेरिसिनचा साधारण १. नाव सारखेच. लिपोसोमलच्या हिशेबाने साधे दिले गेले तर हृदय थांबू शकते.

व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम असेल तर २०० मिलिलिटरमध्ये मिसळून किमान ६० मिनिटांत द्यायचे. १०० च्या बाटलीत घालून २० मिनिटांत सोडले की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाब उतरतो, आणि केस पेपरवर ‘व्हॅन्कोमायसिनची अ‍ॅलर्जी’ असे कायमचे लिहिले जाते. ती अ‍ॅलर्जी नसते, वेग असतो. पुढच्या वेळी गरज पडेल तेव्हा त्या चुकीच्या शेऱ्यामुळे रुग्ण एका उपयोगी औषधाला मुकतो. सेफ्ट्रायॅक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून नाही, त्यातल्या कॅल्शियमशी साका धरतो. आणि १०० मिलिलिटरची बाटली रिकामी दिसली तरी सेटच्या नळीत १५–२० मिलिलिटर औषध उरलेले असते. ते सलाइनने पुढे ढकलले नाही तर जवळपास सहावा हिस्सा डोस कचऱ्यात जातो, दर वेळी.

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची अँप्यूल १५ टक्क्यांची असते आणि तिच्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. साध्या वॉर्डात हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढे जाऊ नये, आणि थेट शिरेत तर कधीच नाही. तरीही या अँप्यूल निर्जंतुक पाण्याच्या अँप्यूलशेजारी एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात. दोन्ही पारदर्शक, दोन्ही १० मिलिलिटर. आमची मागणी साधी आहे. साध्या वॉर्डांच्या ट्रॉलीवरून या अँप्यूल काढा, अतिदक्षता विभागात लाल लेबलच्या कुलूपबंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढताना दोघांनी पाहून सही करायची.

इन्शुलिनचा घोळ तर खास आपल्या देशातला. आपल्याकडे स्वस्त कुप्या १ मिलिलिटरला ४० युनिटच्या, आणि कार्ट्रिज, पेन व काही नव्या इन्शुलिनच्या कुप्या १०० युनिटच्या. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. कार्ट्रिजमधले इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर ०.२५ मिलिलिटर, म्हणजे २५ युनिट अंगात जातात. अडीचपट. पहाटे रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध सापडतो. उलटे झाले, ४० ची कुपी आणि नारिंगी सिरिंज, तर १० च्या जागी ४ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डोस चढवत नेला जातो. मग कोणी तरी बरोबर सिरिंज आणतो, आणि तो चढवलेला डोस पूर्ण पडतो. हा शेवटचा टप्पा सगळ्यात घातक. एका वॉर्डात एकाच शक्तीचे इन्शुलिन ठेवणे हा यावरचा खात्रीचा उपाय, आणि तो रुग्णालयाच्या औषध समितीच्या हातात आहे.

लहान मुलांत चूक दहापटीने होते, कारण मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची अदलाबदल होते. १२ किलोच्या मुलाला किलोला १५ मिलिग्रॅमप्रमाणे १८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल शिरेतून द्यायचे, तर मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या बाटलीतले ते होते १८ मिलिलिटर. ‘१८०’ आकडा पाहून अख्खी १०० ची बाटली जोडली जाते. तोंडावाटे द्यायच्या पॅरासिटामॉलचे थेंब मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे आणि सिरप ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० चे. आईला ‘एक चमचा’ सांगितले आणि घरी थेंबांची बाटली असली, तर त्या चमच्यात ५०० मिलिग्रॅम असतात. म्हणून बालविभागात डोस मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत लिहिलेला हवा आणि आईला चमच्याऐवजी खुणा असलेली सिरिंज मिळायला हवी.

ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशावरचे प्रतिविष हे औषध साठवण्यापासून देण्यापर्यंत फार्मासिस्टच्या नजरेखाली असावे. सुरुवातीला ८ ते १० कुप्या, प्रत्येकीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी, कुपी हलवायची नाही, हळू फिरवायची, नाहीतर फेस होतो आणि औषध वाया जाते. सगळ्या कुप्या सलाइनमध्ये मिसळून साधारण तासाभरात द्यायच्या. मुलालाही कुप्या तेवढ्याच, कारण विष तेवढेच शिरलेले असते. शेजारी अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये ओढून तयार, मोठ्यांना ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत.

घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्डावर कंपनीची नावे असतात. घरी त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी असते. रुग्ण दोन्ही घेतो, कारण त्याच्यासाठी ती दोन वेगळी औषधे आहेत. टेल्मिसार्टन दुप्पट होते, तोल जातो, पडतो, हाड मोडते. औषधांच्या नावांतल्या साधर्म्याकडे इतर मालापेक्षा कडकपणे पाहायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली मलेरियाच्या दोन औषधांच्या खटल्यात म्हटले होते. दुकानाच्या फळीवर आजही सारखी नावे शेजारी-शेजारी आहेत. म्हणून कार्डावर औषधाचे मूळ नाव, आणि तीन ठळक रकाने: चालू ठेवायची, बदललेली, बंद केलेली. बंद केलेल्या औषधांचा रकाना बहुतेक कार्डांवर नसतोच, आणि सगळा घोटाळा त्या न लिहिलेल्या ओळीत असतो.

फार्मासिस्टने रुग्णापाशी बसून १० मिनिटे द्यायला हवीत. सांगून झाल्यावर ‘कळले का?’ असे विचारू नये, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘आता तुम्ही मला सांगा, सकाळी काय घेणार?’ असे विचारावे. दम्याच्या रुग्णाला पंप हातात देऊन ओढायला लावावा. श्वासाच्या यंत्रात घालायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण प्रत्येक वॉर्डात भेटतात, आणि त्यांच्या पेपरवर ‘उपचारांना प्रतिसाद नाही’ असे लिहिलेले असते. इन्शुलिन घेणाऱ्याच्या घरी फ्रिज नसेल तर मातीच्या माठात, पाणी आत जाणार नाही अशा डबीत कुपी कशी ठेवायची ते दाखवावे. वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून ४ तास दूर, हे सांगितले नाही तर टी.एस.एच. (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढलेला राहतो आणि डोस विनाकारण चढतो.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद हा भाग आज सगळ्यात दुर्लक्षित आहे. राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे काम आहे, १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. अर्ज भरायला चार गोष्टी पुरतात: रुग्णाची आद्याक्षरे, काय झाले, कोणत्या औषधाचा संशय, आणि कळवणाऱ्याचे नाव. खात्री असायची गरज नाही, संशय पुरेसा आहे.

आमच्या मागण्या आणि त्यांवरचे आक्षेप

राज्यात औषधनिर्माण अधिकाऱ्यांची पदे भांडार आणि वाटप यांसाठी आहेत, आणि त्या खिडकीवरही माणसे कमी आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आमची पहिली मागणी स्वतंत्र संवर्गाची आहे. आहे त्याच फार्मासिस्टला ‘वॉर्डातही जात जा’ असा आदेश काढू नका, रांग लागली की तो खिडकीवर परततो आणि योजना कागदावर उरते. तसेच क्लिनिकल फार्मासिस्टचे पद मंजूर करून त्याला साठ्याच्या नोंदींना बसवू नका. सेवाप्रवेश नियमांत फार्म.डी. आणि फार्मसी प्रॅक्टिसमधले एम.फार्म. यांची पात्रता स्पष्ट लिहा. आमच्या अंदाजाने एका माणसाला रोज नीट पाहता येतील असे रुग्ण ३० ते ४०, अतिदक्षता विभागात त्याहून बरेच कमी. सगळीकडे एकदम पुरे पडणार नाही, तेव्हा अतिदक्षता, मेडिसिन आणि बालविभाग यांपासून सुरुवात करा.

दुसरी मागणी अधिकाराची. केस पेपरमध्ये फार्मासिस्टच्या शेऱ्यासाठी जागा हवी, प्रयोगशाळेचे निकाल त्याला थेट पाहता यायला हवेत, आणि औषध समितीवर त्याची जागा हवी. जिवाला धोका असेल तिथे तो लिहीत बसणार नाही, फोन करून डॉक्टरांशी बोलेल आणि नंतर नोंद करेल.

यावर डॉक्टरांकडून येणारा आक्षेप आम्ही समजू शकतो: आमच्या लिहिण्यावर हा पहारा कशाला? निर्णय डॉक्टरांचाच राहणार आहे, यात आम्हाला शंका नाही. रोगनिदान आमचे काम नाही. पण ६० रुग्णांचा राउंड, ओ.पी.डी. आणि रात्रीची ड्यूटी सांभाळणाऱ्या रेसिडेंटने प्रत्येक रुग्णाचे क्लिअरन्स, प्रत्येक औषधाची जोडी आणि प्रत्येक बाटलीचा वेग लक्षात ठेवावा, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. सिस्टरांवरही. रात्री ४० रुग्णांची औषधे एकट्या सिस्टर देतात, आणि चूक झाली की पहिले नाव त्यांचे येते. म्हणूनच चुकांची नोंद शिक्षेशी जोडू नका. जिथे मेमो मिळतो तिथे नोंद होत नाही, आणि जिची नोंद नाही ती चूक पुढच्या खाटेवर पुन्हा होते.

तिसरी मागणी सगळ्यात स्वस्त आहे. प्रत्येक वॉर्डात चालणारा वजनकाटा द्या आणि केस पेपरच्या पहिल्या पानावर वजन लिहिल्याशिवाय वजनावर ठरणारा डोस लिहू नये असा नियम करा. वर लिहिलेले निम्मे हिशेब वजनाशिवाय सुरूच होत नाहीत, आणि कितीतरी केस पेपरांवर तो रकाना कोरा असतो. उठता न येणाऱ्या रुग्णाचे वजन नातेवाइकांकडून आणि जुन्या कार्डावरून घेता येते, पुढे ‘अंदाजे’ असे लिहून.

सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. एक वैद्यकीय महाविद्यालय आणि एक जिल्हा रुग्णालय निवडा, मुदत ६ महिने. पहिले २ आठवडे वॉर्डाची आजची स्थिती नोंदवायची, धोका दिसला तर तिथेच थांबवून. मग दर महिन्याला फक्त पाच आकडे काढायचे: २४ तासांत औषधयादी पडताळलेले किती टक्के, फार्मासिस्टच्या सूचना किती आणि स्वीकारल्या किती, आय.एन.आर. ५ च्या वर गेलेले किती, रक्तातली साखर ७० च्या खाली गेलेले किती, आणि शिरेतून गोळीवर आणलेली अँटिबायोटिके किती. न स्वीकारलेल्या सूचनांची कारणेही लिहायची, कारण काही वेळा डॉक्टर बरोबर असतात आणि त्यातून फार्मासिस्ट शिकतो. सहाव्या महिन्यानंतर आकडे पाहून पदे किती आणि कुठे, ते ठरवा.

औषधयादीचा नमुना अर्ज, इंजेक्शने कशात आणि किती वेळात द्यायची याचा भिंतीवर लावायचा मराठी तक्ता, आणि तीन रकान्यांचे डिस्चार्ज कार्ड आम्ही तयार केले आहे. निवडलेल्या रुग्णालयांना ते विनामूल्य देऊ, आणि पहिल्या २ आठवड्यांत सिस्टर व रेसिडेंट यांच्यासाठी वॉर्डातच प्रशिक्षण घेऊ. रुग्णालयांची नावे आणि सुरुवातीची तारीख आपण कळवावी.

आपले,
महाराष्ट्रात क्लिनिकल फार्मसीचे काम करणारे आणि शिकवणारे फार्मासिस्ट